चाळीस गळ्यांची हाक

त्या वर्षी गावातल्या विहिरींनी एकामागून एक तळ दाखवला, आणि शाळेच्या आवारातली विहीर आणखी दहा हात खोल करायचं काम आमच्याकडे आलं. दादाला आनंद झाला. मला झाला नाही. काम म्हणून विहीर चांगली होती, काठ बांधलेला, आत उतरायला जागा मोकळी. पण त्या शाळेवरून जाताना गेली दोन वर्षं माझ्या अंगावर काटा यायचा. का, ते मला सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही ते बोलून दाखवलं की घरात हसू होतं.

मी दादाची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर मला लाभलं नाही, यारी लाभली. विहिरीतून गाळ-दगड वर ओढणारी, हाताने फिरवायची यारी, दोन बाजूंना दोन मुठी, माझ्या बाजूला ब्रेकचा लोखंडी दांडा. दादा खाली खणतो, वहिनी एका मुठीवर, मी दुसऱ्या. अठरा वर्षं तो ब्रेक माझ्या उजव्या हाताखाली आहे, आणि त्या हाताचा पंजा डाव्यापेक्षा रुंद झालाय. बांगड्या दोन मापांच्या घ्याव्या लागतात.

आमच्या धंद्यात प्रत्येकाला स्वतःची हाक असते. पस्तीस-चाळीस हात खाली गेलेल्या माणसाचे शब्द वर येत नाहीत. येतो तो नुसता आवाज, आणि तोही कडांवर आपटून फुगलेला. म्हणून शब्दांच्या नादी लागायचंच नाही. हाक एकदा आली की ओढायचं, लागोपाठ दोनदा आली की थांबायचं. पण ती कुणाची ते कळलं पाहिजे, कारण शेजारच्या शेतात कुणी ना कुणी गुरांच्या नावाने ओरडतच असतं.

ही हाक कुणी शिकवत नाही. ती फुटते. दादाची नवव्या वर्षी फुटली, घोगरी, मध्येच मोडणारी. माझी बारीक आणि लांब. वहिनी लोहाराची लेक, लग्न होऊन आली तेव्हा तिला हाक नव्हती. दोन वर्षं ती काठावर मुकाट दोर धरून उभी असायची, आणि एक दिवस पायाशी साप आला तेव्हा फुटली. तेव्हापासून तीच. ती हाक ऐकली की दादा अजून विचारतो, "कुठं आहे साप?"

दादाच्या मुलीची मात्र पाचव्या वर्षीच फुटली. मुरमाच्या ढिगावर उभी राहून तिने अशी काही हाक दिली की ओढ्याकडची टिटवी तिला उत्तर द्यायला लागली. नाव तिथंच पडलं. आणि दुसऱ्याची हाक काढायची नाही, चेष्टेतसुद्धा नाही, हा आमच्यात एकच कडक नियम. लहानपणी मी एकदा दादाची नक्कल केली होती, तेव्हा आमच्या बापाने मला दिवसभर यारीला हात लावू दिला नव्हता.

टिटवी आता अकरा वर्षांची. शाळेत जायला लागून तिला पाच वर्षं झालेली. आधीचे मास्तर टेबलावर पाय टाकून झोपायचे आणि पोरं आवारात उंडारायची. मग दोन वर्षांपूर्वी हे गुरुजी आले. सडपातळ, नीटनेटके, आवाज कधी चढायचा नाही, पोरांवर हात तर कधीच टाकला नाही. एक पातळ पट्टी होती त्यांच्याकडे, ती टेबलावर टक् करून वाजवायची. टक् केलं की "म्हणा". गुरुजी ओळ सांगणार, पोरं ती तीनदा म्हणणार, सगळी मिळून, एका दमात, एका सुरात. पुन्हा टक्. दोन वर्षांत एक पोर नापास झालं नाही. गावाने गुरुजींना डोक्यावर घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं.

गुरुजींच्या पहिल्या वर्षी टिटवीचा आवाज चाळीसजणांत वेगळा निघायचा. गुरुजी घरी आले होते तेव्हा. "आवाज जुळेपर्यंत तिने नुसते ओठ हलवावेत," म्हणाले, "लाज वाटून घ्यायचं कारण नाही." सहा महिने तिने नुसते ओठ हलवले. मग जुळला. तेही गुरुजींनी मुद्दाम येऊन सांगितलं, आणि दादाने ते सगळ्या आळीला सांगितलं.

यारी उभी करायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खाली उतरला आणि पहिली बादली गाळाने भरून आली. त्याची हाक आली की मी ब्रेक सोडायचा, दोघींनी मुठी फिरवायच्या, बादली काठावर घेऊन ओतायची, रिकामी खाली. दुपारपर्यंत खांद्यांतून कळा यायला लागल्या. वर्गातून पोरांचं म्हणणं चालू होतं, टक्, तीनदा, टक्, तीनदा. वहिनीच्या मुठीचा वेग नकळत त्या तालावर गेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा मीही त्याच तालावर होते. मी मुद्दाम थांबून पाणी प्यायले.

जेवायला वर आल्यावर दादा म्हणाला, "खाली तर वर्ग जास्त ऐकू येतो गं. वाटतं, दगडाच्या पलीकडेच बसलीत पोरं."

"आणि टिटवी? ती ऐकू येते?" वहिनीने विचारलं.

"चाळीसजणांत एक कशी ऐकू येईल?" दादा हसला. "कौतुक त्याचंच आहे ना."

मधल्या सुट्टीत पोरं बाहेर आली. पोरं विहिरीच्या कामापाशी आली की काय करतात ते मला अठरा वर्षांपासून ठाऊक आहे. खडे टाकतात, वाकून बघतात, शिव्या खातात. ही पोरं यारीपासून दहा पावलांवर रांगा करून उभी राहिली. कुणी खोकलंसुद्धा नाही. मला राहवेना. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक चिमुरडी होती. मी हसून विचारलं, "तू कुणाची गं?"

तिने उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि तिच्या मागच्या सगळ्यांनी श्वास घेतला. मला तो ऐकू आला.

"आम्ही या शाळेची मुलं आहोत," चाळीसजण म्हणाली.

"अगं, तसं नाही. तुझ्या आईचं काय नाव?"

तिने शेजारी बघितलं. शेजारच्या पोराने त्याच्या शेजारी बघितलं. असं बघणं रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि टोकाला कुणी नव्हतं. मग वर्गातून टक् आलं आणि पोरं वळून आत गेली. तिसऱ्या रांगेत आमची टिटवी होती. तिने माझ्याकडे बघितलं, पण ओळखीचं असं काही तिच्या तोंडावर आलं नाही. मी घाबरले, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी वहिनीला म्हटलं, ऊन फार आहे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघी अंगणात दोराच्या पिळांत तेल मुरवत होतो. टिटवी शहाण्यासारखी बसून चिंधीने दोर पुसत होती. वहिनीने विचारलं, "हात दुखतात का गं?" टिटवी थांबली. तिने डावीकडे बघितलं, जिथं कुणी नव्हतं. उजवीकडे बघितलं, जिथं मी होते. मग पुन्हा दोर पुसायला लागली.

"टिटवे," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला काहीतरी वेगळं जाणवलं, "एकदा हाक दे बघू. वर्ष झालं ऐकून."

टिटवी उठून उभी राहिली. हात मांड्यांना चिकटवले. तोंड उघडलं. आणि सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, शेवटाला जरा उचललेला तो वर्गाचा सूर. एकटीच्या गळ्यातून आला तरी तो चाळीसजणांचा वाटत होता. तीनदा म्हणून ती खाली बसली.

घरात दादा पडला होता, तो बाहेर आला. "छान म्हटलंस," म्हणाला.

"मी पाढा नव्हता मागितला," वहिनी म्हणाली. "हाक मागितली."

"हाक घेऊन काय करायचंय तिला? विहिरीत घालायचंय? माझ्या पाठीकडे बघ, तुझ्या खांद्यांकडे बघ. तुझ्या वन्संच्या पंजाकडे बघ. तिला शिकू दे."

"शिकू नये असं मी म्हणतेय का? पण आपलं काही बोलतच नाही ती. आवडलं नाही, नको, भूक लागली, काहीच नाही. कुणीतरी आधी म्हणायची वाट बघते."

"शहाणी झालीय."

"शहाणं पोर मी बघितलंय. हे तसं नाही."

दुसऱ्या दिवशी कामाच्या मधल्या वेळात वहिनी, हातपाय धुऊन, पदर सारखा करून, गुरुजींना विचारायला गेली. दाराशी उभी राहायला मीही गेले. गुरुजींनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, अंगावर मुरूम होता. तिचं ऐकून घेऊन गुरुजींनी सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या, एकाला एक लावून, उघड्या.

"तुमच्या मुलीची ओळखा," म्हणाले.

वहिनीला वाचता येत नाही, पण टिटवीचं अक्षर ती ओळखायची. तिचा प्रत्येक उकार शेपूट उडवल्यासारखा वर जायचा. वहिनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून बघत गेली. पुन्हा उलटी आली. सगळ्या वह्या एका हाताने लिहिल्यासारख्या होत्या. तिने एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. धुऊनही नखांत राहिलेला गाळ एका पानाला लागला, तो तिने पदराने पुसायला घेतला आणि आणखी पसरला. मी दुसरीकडे बघितलं.

"ही?" ती म्हणाली.

"नाही," गुरुजी म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, पण वाईट आनंद नव्हता तो. "बाई, मी आलो तेव्हा तपासनीस आले होते. त्यांनी चार मुलं उभी केली. तुमच्या मुलीने तोंड उघडलं मात्र, ते हसून म्हणाले, ही विहिरीवाल्यांची ना? मी तेव्हाच ठरवलं. आता पुन्हा येऊ देत ते. कोण कुणाचं, त्यांना शोधून सापडणार नाही. सगळी सारखी."

वहिनीने हातातली वही परत ठेवली. खरं होतं ते, आम्ही तोंड उघडलं की लोक बाजूला सरतात. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "वन्सं, त्यांना सापडू नये ते ठीक आहे. पण मलाही सापडली नाही."

काम पुढं चाललं. आठव्या दिवशी कातळ संपून मातीचा मऊ पट्टा लागला, नवव्या दिवशी ओल दिसली. दादाने त्या पट्ट्याच्या बाजूला लाकडं लावून घेतली. अकराव्या दिवशी तपासनीस येणार होते, म्हणून गुरुजींनी पोरांना सकाळपासून आवारात, झाडाच्या सावलीत, रांगा लावून बसवलं होतं. आमच्यापासून जेमतेम वीस पावलं. तपासनीसांचा पत्ता नव्हता आणि गुरुजी तिसऱ्यांदा सगळं घोटून घेत होते.

खाली दादाने एक मोठा धोंडा बादलीत चढवला होता, साखळीने बांधून. माझं लक्ष दोराकडे होतं. मागे टक् झालं. गुरुजी म्हणाले, "म्हणा," आणि ओळ शोधायला पुस्तकाचं पान उलटू लागले. नेमकी तेव्हाच खालून दादाची हाक आली. एकदा. आम्ही मुठी फिरवायला लागलो.

पोरांनी ती म्हटली.

त्यात त्यांची चूक नव्हती. "म्हणा" नंतर जे ऐकू आलं ते त्यांनी म्हटलं, आणि दोन वर्षं ती हेच करत होती. इतके दिवस ऐकून हाक पाठच होती त्यांना. चाळीस बारीक गळ्यांनी मिळून दादाचा घोगरा, मध्येच मोडणारा गळा कसा केला, देव जाणे. नक्कल नव्हती ती. दादाच होता. माझ्या पाठीमागून, जमिनीवरून, दादा मला ओढ म्हणत होता.

धोंडा वर निघाला तेव्हा साखळी सरकली होती. दादाने ते बघितलं आणि थांब म्हणून दोनदा हाक दिली, हे त्याने नंतर सांगितलं. मला ती दोन म्हणून ऐकू आलीच नाही. पोरांचं दुसऱ्यांदा म्हणणं त्यावर पडलं. एकदा. मग तिसऱ्यांदा. एकदा. अठरा वर्षांत मी हाकेवर कधी शंका घेतली नव्हती. मी ओढत राहिले. बादली बाजूला लावलेल्या लाकडाला अडली, दोर ताणला, आणि एकदम हलका झाला. खालून जो आवाज आला तो मी इथं सांगत नाही.

मी ब्रेक दाबला. वहिनी काठावर आडवी पडली. "जिवंत आहे," ओरडली, "हलतोय! पाय धोंड्याखाली आहे." लाकूड निखळलं होतं आणि मऊ पट्ट्यातली माती खाली ढासळत होती, आधी ओंजळीने, मग पाटीने. पहार त्याच्या हाताशी होती, दोर मी पुन्हा खाली सोडला. धोंडा पहारीने उचलून पाय काढायचा, दोर कमरेला बांधायचा, मगच हाक द्यायची, आणि हाक आली की क्षणभरही न थांबता ओढायचं. त्याच्या आधी ओढलं तर पाय तिथंच राहणार. उशीर केला तर माती. हे आम्हाला एकमेकींना सांगावं लागलं नाही. माणूस ओढायला दोन्ही मुठींवर माणूस लागतं, म्हणून वहिनी काठावरून उठून मुठीवर आली. आता काठावर कान द्यायला कुणी नव्हतं.

आणि मागे पोरं थांबली नव्हती.

तीनदा म्हणून झालं की टक् व्हायचं, मग थांबायचं, असा त्यांचा रिवाज. गुरुजींनी टक् केलं. पोरं म्हणत राहिली. गुरुजींनी पुन्हा टक् केलं, मग टक् टक् टक् करत राहिले, पट्टी मोडली. "बस," ते म्हणाले. "बस, बाळांनो, बस." ती ओळ त्यांनी दिलेली नव्हती, तेव्हा त्यांच्या थांबवण्याने ती थांबत नव्हती. चाळीस तोंडं एकदम उघडत होती, एकदम मिटत होती. दादा ओढ म्हणत होता. दादा ओढ म्हणत होता. ब्रेक सोडायला माझा हात जायचा आणि मी तो मागे घ्यायचे, कारण त्यातला एखादा दादा खरा असू शकत होता.

"वन्सं, मी आले," वहिनी म्हणाली आणि पळाली. तिसऱ्या रांगेत तिने टिटवीला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. "टिटवे! तुझा बाप आहे खाली!"

टिटवी रडत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं, आणि तोंड मात्र बाकीच्यांबरोबर उघडत होतं, मिटत होतं, बापाची हाक देत होतं. वहिनीने तिचं तोंड हाताने दाबलं, तिला तशीच उचलून आणली आणि काठावर पालथी घातली, डोकं आत. "ऐक," म्हणाली. "तुला येतं ऐकायला. तो तयार आहे का विचार. तयार असला की हात वर कर." आणि मुठीवर येऊन उभी राहिली.

टिटवीने हाक द्यायला श्वास घेतला. मागे चाळीसजणांनी, म्हणजे आता एकोणचाळीसजणांनी, श्वास घेतला. मला वाटलं, संपलं.

आधी काहीच आलं नाही. तिचे खांदे हलले, पाय मातीत घासले. मग आलं. टिटवी पक्ष्याची ती जुनी हाक नव्हती. असली हाक मी कधी ऐकली नव्हती, तेल न घातलेल्या चाकासारखी, खरखरीत, वर जाता जाता फुटणारी, आणि कुरूप, मला ती कुरूपच वाटली. पण ती कुणाचीही नव्हती, तिचीच होती.

पोरांनी ती म्हणायला घेतली. जमेना. एकाची वर गेली, एकाची खाली, कुणाचा गळा मध्येच चिरकला, दोन वेण्यांची ती चिमुरडी ठसका लागून खोकायला लागली. एकोणचाळीस आवाज एकोणचाळीस दिशांना गेले आणि बंद पडले. आवारात इतकी शांतता झाली की मातीचे खडे खाली पाण्यात पडताना ऐकू आले.

टिटवीने पुन्हा हाक दिली. आम्ही थांबलो. माती पडत होती. मग खालून घोगरी, मध्येच मोडणारी, एकदा. टिटवीचा हात वर गेला.

आम्ही ओढलं.

दादाचा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला होता. त्याला खाटेवर घालून नेलं, हाडं बसवली, तीन महिने उठायचं नाही असं बजावलं. तपासनीस दुपारी आले, आवारात बसलेली पोरं बघितली, कुणी काहीच म्हणेना म्हणून थोडा वेळ घुटमळले आणि गेले.

शुद्धीवर आल्यावर दादा पहिलं काय बोलला असेल तर हे. "वरून माझाच आवाज येत होता गं. मी खाली, आणि मीच वर. मला वाटलं, मी मेलोय, आणि वर जाऊन तुम्हाला हाका मारतोय. मग उत्तर कशाला द्यायचं? मी गप्पच बसणार होतो."

"मग?"

"मग हिचं ते काहीतरी आलं," टिटवीकडे बघून तो म्हणाला. "मी म्हटलं, हे भलतंच काय? हे काही मी नाही."

टिटवी हसली. वर्षभरात पहिल्यांदा, आणि शेजारी न बघता.

चार दिवसांनी गुरुजी घरी आले. उंबऱ्याच्या बाहेरच बसले, आत या म्हटलं तरी नाही. पोरं आता वर्गात काहीच म्हणत नाहीत, म्हणाले. पट्टी मोडली तेव्हापासून नुसती बसून असतात. एकेकाला जवळ घेऊन विचारतो, तुला काय वाटतं, तर बाजूला बघतात. गावातले लोक विचारायला लागलेत, आधी किती छान म्हणायची पोरं.

"तिला शाळेतून काढणार असाल," ते दादाला म्हणाले, "तर मी अडवणार नाही."

"काढायची कशाला?" दादा खाटेवरून म्हणाला. "शिकलीच पाहिजे. पण गुरुजी, मी खालून हाक दिली तर वर कोण आहे ते मला कळलं पाहिजे. तेवढं ठेवा तिचं."

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "ही हाक तुम्ही मुलांना कशी शिकवता?"

"शिकवत नाही," मी म्हटलं. "काठावर उभं करतो आणि थांबतो."

"किती थांबता?"

"फुटेपर्यंत."

विहीर अर्धवट टाकता येत नव्हती. गाव पाण्यासाठी खोळंबलं होतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यात नवी लाकडं लावून वहिनी खाली उतरली, एका मुठीवर तिचा लोहार भाऊ आला, आणि शाळा सुटली की काठावर कान द्यायला टिटवी. गुरुजी रोज शाळा सुटल्यावर एका पोराला घेऊन यायचे. पोर काठावर उभं राहायचं, गुरुजी त्याच्या मागे दोन पावलांवर, हात पाठीशी. पट्टी नाही, काही नाही. पहिल्या दिवशीचा पोरगा उन्हं कलेपर्यंत उभा राहिला आणि तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशीची रडली. तिसऱ्या दिवशी दोन वेण्यांची चिमुरडी आली, तिने विहिरीत थुंकलं आणि आपल्या थुंकीचा आवाज ऐकून खदखदून हसली. गुरुजींनी तिला हसू दिलं. वहिनीने खालून ज्या शिव्या घातल्या त्यांचे शब्द वर आले नाहीत, ते बरं झालं.

पाचव्या दिवशी कुणीच आलं नाही, कुणाच्या तरी आईने अडवलं असावं. गुरुजी एकटेच आले. थोडा वेळ त्यांच्या नेहमीच्या जागी, दोन पावलं मागे, उभे राहिले. मग पुढं आले. आम्ही बघत नाही असं त्यांना वाटलं असेल. काठावर हात टेकून ते वाकले, गळा साफ केला आणि हाक द्यायला तोंड उघडलं.

जे आलं ते ऐकून माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. शेवटाला जरा उचललेला तो सूर. चाळीस पोरांचा. एकट्या माणसाच्या गळ्यातून वर्ग बोलत होता. आजवर मी समजत होते की तो सूर त्यांनी पोरांना दिला. आता कळलं की त्यांच्याजवळही दुसरा कुठला नव्हता, कधीतरी, कुठल्या तरी वर्गात, त्यांनाही कुणीतरी आवाज जुळेपर्यंत नुसते ओठ हलवायला लावलं असणार. त्यांनी पुन्हा एकदा दिली. पुन्हा तोच आला. तिसऱ्यांदा तोच. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते काठ सोडत नव्हते.

खालून वहिनीची हाक आली, बादली भरली होती. मी मुठीकडे हात नेला.

"आत्या, थांब," टिटवी म्हणाली. ती काठावरून उठली, जाऊन गुरुजींच्या मागे दोन पावलांवर उभी राहिली आणि हात पाठीशी बांधले. "गुरुजींची अजून फुटायची आहे."

मी ब्रेक दाबून धरला.